विश्लेषण : पहिली पसंती लागली की पुढच्या फेऱ्या बंद! इंजिनीअरिंगच्या 'कॅप' यादीची वाट पाहताना कळंबच्या घरात नेमके काय ठरत असते?

जुलै-ऑगस्टमध्ये कर्जत तालुक्यातल्या कळंब परिसरात दोन कामे एकाच वेळी चालू असतात. शेतात भाताची लावणी आणि घरात मोबाइलवर सीईटी सेलचे संकेतस्थळ पुन्हा पुन्हा उघडून पाहणे. लावणी कधी संपेल, हे घरातल्या मोठ्या माणसांना नेमके सांगता येते. दुसऱ्या कामाचा अंदाज कोणालाच नसतो. बारावी झालेली, सीईटीचा निकाल आलेला, अर्ज भरलेला आणि आता फक्त यादीची वाट पाहायची, असे बहुतेक घरांत मानले जाते. प्रत्यक्षात याच काळात घेतलेले दोन-तीन निर्णय चार वर्षे कुठे काढायची ते ठरवतात.

90 पर्सेंटाइल म्हणजे 90 टक्के नव्हे

एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटाचा निकाल 2025 मध्ये 16 जूनला लागला. त्यात 22 विद्यार्थ्यांना 100 पर्सेंटाइल मिळाले. बातमी तेवढीच झाली आणि 82 पर्सेंटाइल मिळालेल्या मुलीच्या घरी 'डिस्टिंक्शन' मिळाल्यासारखे पेढे वाटले गेले. इथेच पहिली गल्लत होते. या गटात चार लाखांहून अधिक विद्यार्थी बसतात, म्हणजे एक पर्सेंटाइल साधारण चार हजार मुलांचा. 90 पर्सेंटाइल असेल तर सुमारे 40 हजार जण पुढे आहेत आणि 82 असेल तर 70 हजारांहून अधिक.

परीक्षा अनेक सत्रांत होत असल्याने प्रत्येक सत्राची काठिण्यपातळी वेगळी असते. म्हणून गुणांऐवजी पर्सेंटाइल दिले जाते आणि तेही दशांश चिन्हानंतर सात अंकांपर्यंत. 2025 मध्ये तर 27 एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या 21 प्रश्नांचे पर्यायच चुकीचे निघाले आणि त्या सत्राची फेरपरीक्षा 5 मे रोजी घ्यावी लागली. मुलांच्या मनातली धाकधूक निकालाच्या आधीच सुरू झाली होती, ती अशी.

'ऑटो फ्रीज' म्हणजे काय?

2025-26 पासून इंजिनीअरिंग प्रवेशाच्या तीनऐवजी चार कॅप फेऱ्या आहेत. संधी वाढली, पण सोबत नियमही कडक झाला. पहिल्या फेरीत अर्जातला पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला, तर तो प्रवेश आपोआप गोठतो. हेच 'ऑटो फ्रीज'. तो घ्यावाच लागतो, न घेतल्यास पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी एक मिळाली की हेच लागू होते, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एक मिळाली की. चौथ्या फेरीत जे मिळेल ते अंतिम.

म्हणजे पर्यायांचा क्रम हाच खरा निर्णय. आणि नेमका तोच क्रम घाईत, सायबर कॅफेवाल्याच्या सल्ल्याने भरला जातो.

समजा, कळंबच्या एका मुलीला कॉम्प्युटर शाखा हवी आहे आणि कल्याणच्या पट्ट्यातले एखादे कॉलेज मनात आहे. पण 'ते लागणार नाही' असे घरचे म्हणतात, म्हणून ती तालुक्यातले जवळचे कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकते आणि मनातले तिसऱ्यावर. पहिल्या फेरीत जवळचे कॉलेज मिळते आणि गोठते. मनातल्या कॉलेजची जागा दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीत तिच्या क्रमांकापर्यंत उतरली, तरी तिला तिथे जाता येत नाही.

'खात्रीचे' कॉलेज खाली लिहिले तर ते हातचे जाईल का? नाही. ही भीती जवळपास प्रत्येक घरात असते आणि ती निराधार आहे. संगणक गुणवत्ता यादीतल्या क्रमांकाने विद्यार्थी घेतो. तिचा क्रमांक आला की तिची यादी वरून खाली पाहतो आणि जिथे तिच्या प्रवर्गाची जागा शिल्लक आहे, अशा पहिल्या पर्यायावर थांबतो. कॉलेज तिने पहिले लिहिले की दहावे, यावर त्या कॉलेजच्या रांगेतली तिची जागा पुढे-मागे होत नाही. दहावे लिहिणारी मुलगी गुणवत्तेत पुढे असेल, तर पहिले लिहिणाऱ्याच्या आधी जागा तिलाच मिळते. त्यामुळे वरच्या क्रमांकांवर मनापासून हवे असलेले आणि खाली खात्रीचे, एवढा साधा नियम पुरतो.

मनाजोगे नाही, पण जागा तर लागली. मग?

ऑटो फ्रीज लागू नसेल, तर एक हजार रुपये जागास्वीकृती शुल्क भरून ती जागा राखता येते आणि 'बेटरमेंट' निवडून पुढच्या फेरीतही उतरता येते. अधिक चांगली जागा मिळाली नाही, तर आधीची कायम राहते. मिळाली, तर आधीची आपोआप रद्द होते. इथे लक्ष ठेवायचे ते एवढेच, की पुढच्या फेरीच्या पर्याय अर्जात हातातल्या जागेपेक्षा खरोखर सरस वाटणारीच नावे असावीत. यादी लांब दिसावी म्हणून भरलेले एखादे दूरचे कॉलेज लागले, तर हातातले जाते.

शुल्क मुदतीत भरले नाही, तर मिळालेल्या जागेवरचा हक्क संपतो. डोंगराकडच्या वाड्यांत पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही रुसतात. त्यामुळे शेवटच्या संध्याकाळची वाट न पाहिलेली बरी.

बारावी घाटाखाली की घाटावर?

हा मुद्दा कर्जत-खालापूरसाठी खास आहे. बहुतांश कॉलेजांत राज्याच्या कोट्यातल्या 70 टक्के जागा 'होम युनिव्हर्सिटी'च्या आणि 30 टक्के बाहेरच्या विद्यापीठ क्षेत्रातल्या मुलांसाठी असतात. हे घराच्या पत्त्यावर ठरत नाही, बारावी कुठून केली त्यावर ठरते. कळंबच्या मुलाने नेरळ, कर्जत, बदलापूर किंवा कल्याणला बारावी केली, तर तो मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रातला. कर्जतहून घाट चढून लोणावळ्याला केली, तर पुण्याचा. मग मुंबई-ठाणे-रायगडच्या कॉलेजांत, अगदी कर्जतच्या कोंकण ज्ञानपीठ इंजिनीअरिंग कॉलेजातही, तो 'बाहेरचा' मोजला जातो. अकरावीला प्रवेश घेताना हे सांगणारे सहसा कोणी भेटत नाही.

अंतराचा हिशेबही वेगळाच. कर्जत ते मुंबई सीएसएमटी सुमारे 100 किलोमीटर. कळंबकरांना त्याआधी नेरळ स्थानक गाठायचे असते. लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात, पण माणगाव तालुक्यात. तिथे रोज ये-जा शक्य नाही, वसतिगृह लागतेच.

सर्वांत लांबलेली वाट : जात वैधता

या भागात ठाकूर आणि कातकरी समाजाची वस्ती मोठी आहे. कर्जतच्या प्रांत कार्यालयातून मिळालेला जातीचा दाखला प्रवेशाला पुरत नाही. अनुसूचित जमातीच्या मुलांना कोकण विभागाच्या ठाण्यातल्या तपासणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. ठाकूर जमातीचे दावे वर्षानुवर्षे वादात अडकत आले आहेत. दाखल्यावरच्या जमातीचे नाव खरे की फक्त आडनावाचा सारखेपणा, या प्रश्नावर समित्या चालीरीती, बोली, देवदेवता यांची चौकशी करत. 24 मार्च 2023 रोजी महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ही 'आप्तभाव चाचणी' दाव्याची एकमेव कसोटी होऊ शकत नाही. संविधानपूर्व काळातल्या कागदपत्रांना अधिक वजन आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा, की आजोबा-पणजोबांचा शाळेच्या रजिस्टरमधला जुना उतारा आणि वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या कोणाचे आधीचे वैधता प्रमाणपत्र, हे दोन कागद सर्वांत मोलाचे. ज्या कुटुंबात पणजोबा शाळेतच गेले नाहीत, तिथे पहिला कागदच सापडत नाही आणि हीच खरी अडचण आहे. अर्ज अकरावीतच केलेला बरा. केवळ अर्जाच्या पावतीवर प्रवेशाची सवलत मिळाली, तरी ती मुदतीपुरतीच असते. मुदतीत प्रमाणपत्र आले नाही, तर आरक्षित जागेवरचा प्रवेश धोक्यात येतो.

चार फेऱ्या संपल्या आणि तरी नाही लागले, तर?

रिक्त जागांसाठी संस्था स्तरावरची फेरी असते आणि खासगी कॉलेजांचा 20 टक्क्यांपर्यंतचा व्यवस्थापन कोटाही असतो. 'सीट आहे, लवकर सांगा' असे फोन याच सुमारास येऊ लागतात. पण 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घटकांतल्या मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची जी 100 टक्के माफी मिळाली, ती केंद्रीभूत प्रक्रियेतल्या प्रवेशांना आहे. व्यवस्थापन कोट्यातले आणि संस्था स्तरावरचे प्रवेश त्यातून वगळले आहेत. कॅपमधून तालुक्यातल्या कॉलेजात लागलेली मुलगी जागा सोडून, मोठ्या नावाच्या कॉलेजात संस्था स्तरावर गेली, तर तिच्या वडिलांना चारही वर्षांची पूर्ण फी भरावी लागेल. फोनवर सीट देऊ करणाऱ्याला आधी हेच विचारायला हवे, की हा प्रवेश कॅपचा आहे की संस्थेचा.