ओल भिंतीची, खोकला घरादाराचा

पावसाळा निम्मा सरला की जुन्या घरांतून एक ठराविक वास येऊ लागतो. कपाट उघडले की कुबट, गादी उचलली की कुबट. कोनाड्यात काळे ठिपके उमटतात, भिंतीचे पोपडे सुटतात, चामड्याच्या चपलेवर हिरवट लव चढते. आपण म्हणतो, "पावसाळ्यात हे चालायचेच." त्याच घरात एखादे मूल रात्री खोकून जागे होते आणि आजोबांना सकाळी उठल्या उठल्या दहा-पंधरा शिंका येतात, तेव्हा मात्र आपण भिंतीकडे न पाहता औषधाच्या बाटलीकडे पाहतो.

बुरशी ही ओलीवर वाढणारी सजीव वनस्पतीसारखी दिसणारी, पण वनस्पती नसलेली सृष्टी आहे. तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत सदैव असतात. त्यांना ओलावा आणि थोडे खाद्य मिळाले की ते रुजतात. लाकूड, कागद, कापूस, भिंतीवरची धूळ, सारे काही त्यांना चालते. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली नाही, तर बुरशीला सुरुवात होते. म्हणजे बुरशी हे लक्षण आहे. मूळ दुखणे ओलीचे आहे.

आरोग्यावर काय परिणाम होतो?

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, छातीत घरघर आणि दम्याचा त्रास अधिक होतो, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. नाक चोंदणे, डोळे चुरचुरणे, सततच्या शिंका ही ॲलर्जीची लक्षणे. घराबाहेर चार दिवस गेल्यावर बरे वाटते आणि परत आल्यावर त्रास सुरू होतो, असे असेल तर घराचा संशय जरूर घ्यावा.

काही दमेकऱ्यांना ॲस्परजिलस नावाच्या बुरशीची तीव्र ॲलर्जी जडते. अशा रुग्णाच्या एक्स-रेमध्ये डाग दिसतात आणि क्षयाशी गल्लत होऊ शकते. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल, ताप येत असेल, वजन घटत असेल, तर "घरात ओल आहे म्हणून असेल" असे म्हणून थांबू नये. सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी मोफत होते, ती करून घ्यावी.

२०२१ मध्ये कोरोनाच्या साथीत "काळी बुरशी" हा शब्द घरोघरी पोचला. तो आजार म्हणजे म्युकरमायकोसिस. मुख्यतः अनियंत्रित मधुमेह असलेल्या आणि स्टेरॉइड औषधे घेतलेल्या रुग्णांना तो झाला. भिंतीवर काळा डाग दिसला म्हणजे तो आजार होणार, असे नाही. मात्र मधुमेह काबूत नसलेले, कर्करोगावर उपचार घेणारे, अवयवरोपण झालेले आणि दमेकरी यांनी बुरशी साफ करण्याचे काम स्वतः करू नये.

ओल येते कोठून?

छपराखालून ओघळ उतरत असेल तर फुटलेले कौल किंवा तुंबलेली पन्हळ पाहावी. जमिनीपासून साधारण कमरेपर्यंत पट्टा ओला असेल तर पाणी जोत्यातून वर चढते आहे. जुन्या बांधकामात ते अडवणारा थर बहुधा नसतो. भर उन्हाळ्यातही डाग ओला राहत असेल तर मोरीचा किंवा नळाचा पाइप गळतो आहे. भिंतीवरची पांढरी भुकटी पाण्याच्या थेंबात विरघळली तर तो खार समजावा. विरघळली नाही तर बुरशीची शक्यता अधिक.

पांढऱ्या मातीच्या वा चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून ओल "बंद" करण्याची चूक फार ठिकाणी होते. अशी भिंत श्वास घेते. सिमेंटने तिचा ओलावा आत कोंडतो आणि माती पोकळ होते. डागावर नुसता रंग मारणेही तसेच. थोड्याच दिवसांत डाग पुन्हा वर येतो. आधी पाण्याची वाट बंद करावी, भिंत पूर्ण वाळू द्यावी आणि मग चुनाच लावावा. चुन्याच्या दाहकपणामुळे बुरशी सहसा रुजत नाही.

साफसफाई कशी करावी?

१. नाकातोंडाला एन-९५ मास्क लावावा, हातमोजे घालावेत, खिडक्या उघडाव्यात. लहान मुलांना दुसरीकडे ठेवावे.

२. कोरड्या झाडूने बुरशी झाडू नये. बीजाणू घरभर उडतात. फरशी, टाइल, काच ओल्या फडक्याने व साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी करावी. मातीच्या भिंतीचा खराब थर किंचित ओलसर करून खरवडावा.

३. ब्लिचिंग पावडरचे पाणी वापरल्यास त्यात संडास धुण्याचे ॲसिड किंवा दुसरे काहीही मिसळू नये. विषारी वायू तयार होतो.

४. आतपर्यंत बुरसलेल्या गाद्या, उशा आणि पुठ्ठे टाकून द्यावेत. उन्हात टाकून वास जातो, बुरशी जातेच असे नाही.

५. कपाट, पेट्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवाव्यात. ओले कपडे शक्यतो झोपायच्या खोलीत वाळत घालू नयेत. पावसाची उघडीप मिळताच समोरासमोरची दारे-खिडक्या उघडाव्यात.

दोन धोके जिवावरचे

खोली किंवा कपडे वाळवण्यासाठी बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस उठत नाही. बाळंतिणीच्या खोलीत हे विशेष लक्षात ठेवावे.

दुसरा धोका भिंतीचा. सांगली-कोल्हापूरने २०१९ मध्ये आणि चिपळूणने २०२१ मध्ये महापूर पाहिला. पाण्यात मुरलेली मातीची भिंत पाऊस थांबल्यावरही ढासळू शकते. भिंतीला पोट आले, नवी भेग पडली किंवा दारे अडकू लागली तर तिच्या आडोशाला कोणी झोपू नये. ओल्या भिंतीवरच्या विजेच्या बटनाला हात लावताना झिणझिण्या आल्या तर मेन स्विच बंद करून वायरमन बोलवावा.

पन्हळ साफ करणे आणि कौले चाळणे ही कामे वैशाखातच उरकली, तर श्रावणातला खोकला पुष्कळ कमी होईल. मुलाच्या दम्याचे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. पण औषधाचा डोस वाढत चालला असेल, तर त्याच्या अंथरुणामागची भिंत एकदा हात लावून जरूर पाहावी.