शेअरचें पीक आणि शेअरचा भाव

शेतकऱ्याच्या हातीं चार पैसे शिल्लक राहिले म्हणजे तो जमीन घेतो, आणि घेतल्यावर तिचा भाव रोज विचारीत बसत नाहीं. वर्षाकाठीं पीक किती आलें हें पाहतो. मोठ्या कंपनीचे शेअर घेतल्यावर मात्र हाच मनुष्य बाजारभावाकडे डोळे लावून बसतो, असें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. वास्तविक शेअरचें पीक म्हणजे लाभांश.

अमेरिकेंतील वॉलमार्ट ह्या दुकानदार कंपनीची हकीकत ह्या बाबतींत विचार करण्याजोगी आहे. सॅम वॉल्टन यांनीं १९६२ सालीं आर्कन्सा संस्थानांतील रॉजर्स ह्या लहान गांवीं तिचें पहिलें दुकान काढलें. शहरांतले व्यापारी ज्या गांवांकडे ढुंकूनहि पाहत नसत तेथें दुकान घालावयाचें, मध्यें मोठी वखार ठेवून एका दिवसाच्या वाटेवरील दुकानांस माल पुरवावयाचा, आणि नफा थोडा ठेवून खप वाढवावयाचा, ही त्यांची रीत. १९७० सालीं कंपनीनें १६.५० डॉलरला एक याप्रमाणें शेअर लोकांस विकले. १९७४ पासून लाभांश सुरू झाला, व तो वर्षानुवर्ष वाढत आला. पुढें एका शेअरचे दोन असें ११ वेळां, व २०२४ सालीं एकाचे तीन झाले. म्हणजे आरंभींच्या १०० शेअरांचे ६,१४,४०० झाले.

ह्या आंकड्यानें डोळे दिपतात, म्हणून मधली गोष्टहि सांगितली पाहिजे. १९९९ अखेर भाव सुमारें ६९ डॉलर होता. २०११ अखेर तो सुमारें ६० च होता. बारा वर्षें! कंटाळून विकणारे थोडे नसतील. परंतु त्याच काळांत दर शेअरमागें वर्षाचा लाभांश २० सेंटांवरून १ डॉलर ४६ सेंटांवर गेला. दोष दुकानाचा नव्हता. २० सेंटांच्या पिकासाठीं ६९ डॉलर मोजणाऱ्याचा होता. चांगली जमीनहि भलत्या किंमतीस घेतली तर असेंच होतें.

तथापि कंपनी जुनी व लाभांश नेमाचा, एवढ्यावर विसंबून डोळे मिटूं नयेत. शिकागोची सिअर्स रोबक ही तर अमेरिकन शेतकऱ्यांचीच दुकानदार. तिचें जाडजूड यादीपुस्तक टपालानें घरोघर जाई, आणि शेतीच्या अवजारांपासून शिलाईच्या यंत्रापर्यंत सारें त्यांतून मागवितां येई. तिनेंहि पिढ्यान्‌पिढ्या लाभांश वाटला. तें यादीपुस्तक १९९३ सालीं बंद झालें, गिऱ्हाईक हळूहळू दुसरीकडे गेलें, व २०१८ सालीं सिअर्सची मालक कंपनी दिवाळखोरींत गेली.

म्हणून वार्षिक अहवाल हातीं येतांच नफा, त्यांतून वाटलेला लाभांश व डोईवरचें कर्ज ह्या रकमा प्रथम ताडून पाहाव्या. कर्ज काढून लाभांश देणारी कंपनी बियाण्याचें धान्य दळून खात असते. आणि पुढल्या पेरणीच्या खताबियाण्याचा किंवा घरांतील लग्नकार्याचा पैसा ह्या कामीं मुळींच लावूं नये. जी रक्कम दहा वर्षें लागणार नाहीं, तेवढीच गुंतवावी.