किती कॉलेजं बघायची?

गेल्या महिन्यात रविवारची मिस्सा आटोपून आम्ही घरी आलो आणि पप्पांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. धाकट्या भावाची सेकंड पीयूसी संपत आलेली. कागदावर चौदा कॉलेजांची नावं होती: बेळगावची सात, धारवाडची तीन, कोल्हापूरची दोन, गोव्यातली दोन. "सगळीकडं फॉर्म टाकू. कुठंतरी लागेलच की," पप्पा म्हणाले.

त्यांची भीती मला कळत होती, कारण ती माझ्यामुळंच आलेली. तीन वर्षांपूर्वी माझा फॉर्म एकाच कॉलेजात भरला होता. ओळखीच्या सगळ्या मुली तिथंच जायच्या, म्हणून दुसरीकडं बघितलंच नाही. यादीत नाव आलं नाही, आणि तोवर बाकीच्या दोन कॉलेजांची मुदत संपलेली. आपल्या कॉलेजात शेवटच्या फेरीत जागा मिळेपर्यंत घरात कुणी नीट जेवलं नाही. तेव्हा एक कमी पडलं, म्हणून आता चौदा!

पण आकडा वाढवला की भीती कमी होते का? हिशेब करून बघू. समजा, एका कॉलेजात प्रवेश मिळण्याची शक्यता शंभरात ५० आहे. दोन ठिकाणी फॉर्म भरले, तर निदान एके ठिकाणी मिळण्याची शक्यता ७५ होते. तीन ठिकाणी साधारण ८८, चार ठिकाणी ९४. पाचव्या फॉर्मनं जेमतेम तीनची भर पडते. त्यापुढं फॉर्मची फी तेवढी वाढत जाते.

आणि हा हिशेबसुद्धा एका अटीवर खरा आहे. एका कॉलेजच्या निकालाचा दुसऱ्याशी संबंध नसावा. प्रत्यक्षात सगळीकडं मार्क तेच जातात. ८५ टक्के कटऑफ असलेल्या सात कॉलेजांत ७८ टक्क्यांचा मुलगा सातही ठिकाणी एकदमच बाहेर राहतो. कागदावर सात, पण खरं तर एकच! म्हणून कॉलेजं किती, यापेक्षा ती एकमेकांपासून किती वेगळी, हे आधी बघावं.

मग चाळणी कशी लावायची? आम्ही चार प्रश्न विचारले.

पहिला, हवा तो कोर्स आहे का? इथंच मोठा घोटाळा निघाला. पप्पांनी यादी बी.कॉम. धरून केली होती. भावाला बीसीए करायचं होतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं, आणि तोही गप्प बसलेला! सहा नावं तिथंच गेली.

दुसरा, मान्यता आहे का? बीसीए आणि बीबीए हे कोर्स २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या कक्षेत आलेत. ती मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता, दोन्ही बघावीत. नॅकची श्रेणी मात्र सगळ्या संस्थेची असते, एका विभागाची नव्हे.

तिसरा, वर्षं किती? आम्हा सीमाभागातल्यांना हे विचारायलाच हवं. कर्नाटकानं २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची केली. गोवा-महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी घेता येते किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स.

चौथा, एकूण खर्च किती? नुसती फी धरू नका. आमच्या खानापूरहून बेळगावला रोज ये-जा होते, पण धारवाड, कोल्हापूर किंवा पणजी म्हटलं की हॉस्टेल आणि मेस आलीच.

शेवटी चार नावं उरली. मार्कांच्या मानानं एक नक्की मिळेल असं, दोन मिळू शकतील अशी आणि एक आशेवरचं. नक्कीचं निवडताना भावाला एकच विचारलं, "फक्त हेच मिळालं तर जाशील?" तो हो म्हणाला, तेव्हाच ते नाव ठेवलं. नाखुशीनं लिहिलेलं कॉलेज यादीत असून नसल्यासारखंच.

चार नावांचा आणखी एक फायदा, ती जाऊन बघता येतात. पप्पांचं गॅरेज एक दिवस बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई गेली. चौदा ठिकाणी कोण जाणार? चार जमतात. लॅब चालू आहे का, तास होतात का, हे तिथल्या मुलांनाच विचारावं.

नक्कीच्या ठिकाणी प्रवेश घेऊन दुसऱ्या यादीची वाट बघायला घाबरू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार कॉलेजला मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत. प्रवेश रद्द केला तर फी परत मिळते, पण उशीर होईल तशी कमी. तारखा तेवढ्या लिहून ठेवा.

तर पालकहो, माझ्या मते तीन ते पाच पुरे. पण यादी करायच्या आधी ज्याच्यासाठी करताय, त्याला शेजारी बसवा. आमच्या कागदावर चौदा कॉलेजं होती, भावाचं एकही नव्हतं. आता चारच आहेत, आणि त्यातली दोन त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलीत.