बिनकाट्याचा मासा : पानात गुंडाळलेला, घरच्या भट्टीत भाजलेला

पौष-माघात कर्जत-खालापूरच्या शिवारात संध्याकाळी पोपटी लागते. भात कापल्यावर जमिनीतल्या ओलीवर घेतलेल्या वालाच्या शेंगा मडक्यात भरायच्या, खाली-वर भांबुर्ड्याचा पाला घालायचा, मिठाचा हात फिरवायचा आणि मडके उपडे ठेवून भोवती जाळ करायचा. मडक्यात पाण्याचा थेंब नाही की तेलाचा नाही. शेंगा आपल्याच अंगच्या ओलाव्यावर शिजतात. शहरातल्या स्वयंपाकघरात ‘ओव्हन’ नावाची जी पेटी असते, तिचे काम याहून फारसे निराळे नाही. चहूबाजूंनी उष्णता द्यायची आणि पदार्थाचा ओलावा पदार्थातच राखायचा, एवढेच ते काम. मग ज्या घराला पोपटी येते, त्या घरात मासा मात्र कालवणात किंवा तव्यावर तेलात, या दोनच रीतींनी का व्हावा?

हा प्रश्न केवळ चवीचा नाही. आपल्या दोन्ही तालुक्यांत पाणी आहे आणि पाण्यात मासा आहे. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली आणि भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. घाटावरच्या तलावांचे पाणी वीज करून खाली येते, त्यामुळे पाताळगंगा आणि पेज या नद्यांना उन्हाळ्यातही पाणी दिसते. शिवाय गावोगावी पाझर तलाव आहेत. २०१६ साली राज्य शासनाने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली, त्यानंतर शेततळ्याचा विचार अनेक शेतकऱ्यांनी केला. तळ्यात रोहू, कटला, मृगळ किंवा चिलापी सोडणे हे आता नवलाचे राहिलेले नाही. तरीही तळ्याचा मासा बांधावरच मिळेल त्या भावाने विकला जातो आणि घरच्या ताटात फारसा येत नाही, असे अनेक ठिकाणी दिसते.

खालापूर भागातल्या एका शेततळ्यावर एका गृहिणीने कारण स्पष्टच सांगितले. “साहेब, म्हावरं दारात हाय, पण पोरं हात लावत नाहीत. धाकट्याच्या घशात काटा अडकला, तवापासून दोघंबी डाळ-भातावर. सासूबाईंना दात नाहीत, त्यांनीबी सोडलं. आन् वर चिखलाचा वास!”

“वहिनी, काटा काढता येतो आणि वासही काढता येतो,” मी म्हणालो. “पण दोन्ही कामे मासा चुलीवर चढण्याआधी करायची असतात.”

त्या घरात ज्यांना माशाची गरज सर्वांत जास्त, तेच माशाला मुकले होते. चिलापीच्या १०० ग्रॅम मांसात साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात आणि चरबी २ ग्रॅमच्या आत. भाजीपाल्यातून न मिळणारे ब-१२ जीवनसत्त्वही त्यात असते. वाढीच्या मुलांना, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या आईला आणि म्हाताऱ्या माणसांना असा हलका आहार घरच्या तळ्यातून मिळत असताना तो भीतीपोटी सोडून देणे परवडणारे नाही.

मासा कोणता घ्यावा?

शहरात ज्याला ‘फिलेट’ म्हणतात, ते म्हणजे माशाच्या दोन्ही बाजूंचे काटे काढलेले काप. असे काप प्रत्येक माशाचे होत नाहीत. रोहू, कटला, मृगळ यांच्या मांसात, विशेषतः पाठीकडे आणि शेपटीकडे, बारीक दुफाट्याचे काटे विखुरलेले असतात. ते सुरीने सुटत नाहीत. म्हणून हे मासे कालवणाला ठेवावेत. फार तर त्यांच्या पोटाकडचा भाग भाजायला घ्यावा, कारण तिथे मोठ्या फासळ्याच असतात आणि त्या बोटाला सहज लागतात.

काप काढण्यास चिलापी, मरळ, पंगास आणि जिताडा हे मासे चांगले. या सर्वांचे मांस पांढरे, सौम्य चवीचे आणि उग्र वासाचे नसलेले. बाजारात ‘बासा’ म्हणून गोठवलेले काप मिळतात, ते पंगासच्याच जातीचे. जिताडा हा तर रायगडचा मानाचा मासा. पेण-अलिबागकडे खाडीतली त्याची पिल्ले आणून तळ्यात वाढवण्याची जुनी चाल आहे. बंगालमध्ये याच माशाला भेटकी म्हणतात आणि केळीच्या पानात मोहरीचे वाटण लावून त्याची ‘पातुरी’ करतात. पारशी बांधवांची ‘पात्रानी मच्छी’ अशीच, हिरव्या चटणीत माखून पानात गुंडाळलेली, पण ती वाफवतात. म्हणजे पानातला मासा ही काही परकी गोष्ट नव्हे.

काटा काढण्याची रीत

या कामाला विळीपेक्षा लांब, पातळ पात्याची धारदार सुरी बरी. खवले काढून, पोट साफ करून मासा धुवावा व फडक्याने कोरडा करावा. कल्ल्याच्या मागे सुरी मधल्या काट्यापर्यंत उतरवावी. तिथून पाते आडवे करून काट्याला घासत शेपटीपर्यंत न्यावे. एक काप सुटतो. मासा उलटून दुसरा काढावा. फासळ्यांचा भाग कापून टाकावा आणि कातडी खाली ठेवून शेपटीकडून सुरी सरकवत मांस वेगळे करावे. शेवटी कापाच्या मध्यावर डोक्याकडून शेपटीकडे बोट फिरवावे. जो काटा टोचेल तो चिमट्याने ओढावा. मुलांसाठी हे तपासणे दोनदा करावे, आणि वाढताना मासा पुन्हा एकदा बोटांनी कुस्करून पाहावा.

१ किलो चिलापीतून साधारण एक तृतीयांश, म्हणजे ३३०-३५० ग्रॅम काप निघतात. उरलेले वाया जात नाही. कल्ले काढून टाकलेले डोके आणि मधला काटा पाण्यात उकळून, गाळून घ्यावा. त्या पाण्यात आमसूल, मिरची, लसूण घातले की भाताबरोबर उत्तम सार होते. आतडी शेणखताच्या खड्ड्यात खोल पुरावीत.

चिखलाचा वास कशाने?

पहिल्या पावसात जमिनीतून जो सुवास उठतो, त्यात ‘जिओस्मिन’ नावाच्या द्रव्याचा मोठा वाटा असतो. १९६५ साली शास्त्रज्ञांनी ते ओळखून त्याला हे नाव दिले. मातीतले सूक्ष्म जिवाणू ते तयार करतात आणि तळ्यातले निळे-हिरवे शेवाळही करते. माशाच्या अंगात ते पाण्यातून शिरते व चरबीत साठते. शेतात जो वास आपल्याला हवासा वाटतो, तोच ताटात नकोसा होतो.

त्यावर उपाय तीन. पहिला तळ्यावरचा. मासे काढण्याआधी खाद्य बंद करून त्यांना तीन ते सात दिवस स्वच्छ, बदलत्या पाण्याच्या टाकीत ठेवावे. शेवाळाने हिरवेगार झालेल्या पाण्यातला मासा तसाच काढू नये. दुसरा उपाय सुरीचा. कातडी, पोटातले काळे अस्तर आणि कापाच्या बाहेरच्या बाजूची तांबूस पट्टी काढून टाकावी. वास तिथे जास्त असतो. तिसरा उपाय आंबटाचा. आंबटाने हे द्रव्य मोडते व त्याचा वास जातो. आपल्या कोकणात माशाला आमसूल, चिंच किंवा कैरी लावण्याची चाल उगीच पडलेली नाही. मात्र काप आंबटात २० मिनिटांहून जास्त ठेवू नयेत, मांस पिठूळ होते.

आच किती, वेळ किती?

इथेच बहुतेकांचे गणित चुकते. कोंबडी-बकऱ्याच्या मांसाला वेळ लागतो, कारण त्यांच्या मांसाला बांधून ठेवणारे तंतू चिवट असतात. माशाचे तंतू आखूड व त्यांना धरणारे पडदे अगदी पातळ. थोड्या आचेनेच ते विरघळतात. त्यानंतरची प्रत्येक मिनिटाची आच मांसातले पाणी पिळून काढते आणि मासा कोरडा, रबरासारखा होतो. पांढऱ्या माशात चरबी कमी असल्यामुळे तर हे फारच लवकर घडते.

कॅनडाच्या मत्स्यव्यवसाय खात्याने गृहिणींसाठी एक सोपा नियम रूढ केला होता. सर्वांत जाड ठिकाणी मासा मोजावा आणि कडक भट्टीत दर इंचाला १० मिनिटे द्यावीत. मासा गुंडाळलेला असल्यास ५ मिनिटे वाढवावीत. मासा आतपर्यंत ६३ अंश सेल्सिअस तापला की खाण्यास सुरक्षित होतो. घरात तापमापक नसला तरी चालते. काचेसारखे दिसणारे मांस दुधासारखे पांढरे झाले आणि काडीने दाबल्यावर त्याच्या पाकळ्या सुटल्या, की मासा झाला. गोड्या पाण्याचा मासा अर्धाकच्चा मात्र कधीही खाऊ नये.

साहित्य व कृती (पाच माणसांसाठी)

काप अर्धा किलो, लसूण ८-१० पाकळ्या, आले एक इंच, हिरव्या मिरच्या ३, कोथिंबीर मूठभर, ओले खोबरे असल्यास अर्धी वाटी, हळद अर्धा चमचा, मीठ एक चमचा, आमसुले ४-५ (पाव वाटी पाण्यात भिजवून कोळलेली), तांदळाचे पीठ एक चमचा, तेल दोन चमचे. मुलांसाठी मिरची एकच घ्यावी.

सर्व वाटून, आमसुलाचा कोळ व तेल मिसळून कापांना लावावे व १५ मिनिटे झाकून ठेवावे. केळीची पाने आचेवर धरून मऊ करावीत, म्हणजे फाटत नाहीत. प्रत्येक पानावर एक काप ठेवून चारी बाजू दुमडाव्यात व केळीच्या सोपाच्या दोरीने बांधाव्यात. पावसाळ्यात आत हळदीचे पान घातल्यास सुवास फार छान येतो. पळसाची पानेही चालतात.

आता भाजण्याच्या चार रीती सांगतो. ज्या घरात जे साधन असेल ते वापरावे.

१. तवा : जाड तव्यावर पुड्या ठेवून वर खोलगट झाकण ठेवावे. मंद-मध्यम आचेवर एका बाजूने ७-८ मिनिटे, मग उलटून तेवढीच.

२. वाळूचे पातेले : जुन्या, जाड बुडाच्या पातेल्यात धुऊन वाळवलेली वाळू किंवा जाडे मीठ दोन बोटे पसरावे. झाकून १० मिनिटे तापवावे. आत तिवई व तिच्यावर पुड्यांची ताटली ठेवून घट्ट झाकावे. साधारण २० मिनिटे लागतात. यासाठी प्रेशर कुकर वापरू नये. पाण्यावाचून तापवल्याने त्याचे रबर व झडप खराब होते.

३. चुलीचे निखारे : भाकरी झाल्यावर जाळ काढून घ्यावा. पुड्यांना पानांचे दोन-तीन थर द्यावेत, निखाऱ्यांवर राख पसरून त्यावर ठेवाव्यात. दर बाजूला ६-७ मिनिटे. वेगळे सरपण लागत नाही.

४. विजेची भट्टी : ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी तो आधी २०० अंशांवर तापवावा. एक इंच जाडीच्या पुड्यांना १५ मिनिटे पुरतात. पातळ काप १२ मिनिटांनी पाहावेत.

पोपटीच्या मडक्यात शेंगांबरोबर मासा भरू नये. शेंगांना अर्धा तास लागला, तर तेवढ्यात मासा वाळून जातो.

चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात

भाताच्या खाचरात कीटकनाशक टाकले असेल, तर त्या खाचरातले व खालच्या ओहोळातले मासे, खेकडे खाऊ नयेत. कारखान्यांच्या सांडपाण्याजवळ धरलेले मासेही घेऊ नयेत. विष किंवा सुरुंग टाकून मासे मारणे १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे, आणि विषाने मेलेला मासा भाजल्याने निर्विष होत नाही. पहिल्या पावसात वळगणीला चढणारी मासळी अंडी घालण्यास निघालेली असते. तिचा सरसकट फडशा पाडला, तर पुढच्या वर्षी ओढे रिकामे राहतील. चिलापी ही १९५२ साली बाहेरून देशात आणलेली जात आहे. ती पाळायची तर मत्स्यव्यवसाय खात्याला विचारून पाळावी आणि नदी-ओढ्यात कधीही सोडू नये.

काप विकण्याचा विचार बचत गटांच्या भगिनींनी जरूर करावा, पण हिशेब नीट मांडून. तीन किलो माशांचे एक किलो काप होतात. तेव्हा माशाच्या भावाच्या तिप्पट भाव मिळाला, तरी ती फक्त बरोबरी झाली. मेहनत, बर्फ व गाडीभाडे त्याच्या वर आले पाहिजे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार नोंदणीही लागते. काप काढल्याबरोबर बर्फात ठेवावेत, नाहीतर दिवसाची कमाई दुपारपर्यंत नासते.

म्हणून आधी घरची पंगत, मग बाजार. पुढच्या वेळी तळ्यात जाळे पडेल तेव्हा दोन चांगले मासे बाजूला काढून टाकीत सोडावेत. तीन-चार दिवसांनी त्यांचे काप करून पानात भाजावेत आणि पहिली पुडी घरातल्या लहानग्याच्या व आजीच्या ताटात उघडावी. तळे आपले, केळ आपली, आमसूल आपले. विकत आणायचे ते तेल, तेही दोनच चमचे.