कुणी न ऐकलेली साक्ष

19 मे 1845 रोजी सर जॉन फ्रँकलिन यांची ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही जहाजं इंग्लंडहून निघाली. कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ बेटांमधून आशियाकडे जाणारा जलमार्ग त्यांना शोधायचा होता. वाफेची इंजिनं होती, तीन वर्षं पुरेल एवढा शिधा होता, डबाबंद अन्नाचे हजारो डबे होते. जुलैमध्ये बॅफिनच्या उपसागरात देवमाशांच्या शिकाऱ्यांनी ही जहाजं पाहिली. त्यानंतर जहाजांवरच्या 129 जणांपैकी एकही घरी परतला नाही.

1854 मध्ये हडसन्स बे कंपनीचे डॉक्टर जॉन रे यांना तिथल्या मूळ रहिवाशांनी, इनुइट लोकांनी सगळं सांगितलं. गोऱ्यांची एक तुकडी बोट ओढत दक्षिणेकडे चालली होती, उपासमारीने माणसं मेली आणि शेवटी जिवंत राहिलेल्यांनी मृतांचं मांस खाल्लं. रे यांनी त्या लोकांकडून मोहिमेतले चांदीचे चमचे-काटेही विकत घेतले. लंडनला हे ऐकवेना. चार्ल्स डिकन्सने आपल्या नियतकालिकातून इनुइटांची साक्ष धुडकावली, उलट संशय त्यांच्यावरच घेतला. गरिबांची दुःखं जगाला ऐकवणाऱ्या लेखकाने हे लिहावं, याचं मला फार वाईट वाटतं.

1859 मध्ये किंग विल्यम बेटावर दगडांच्या राशीत मोहिमेतल्या लोकांनी ठेवलेली एक चिठ्ठी मिळाली. तिच्यातून कळलं ते असं: फ्रँकलिन 11 जून 1847 रोजीच वारले होते. जहाजं बर्फात अडकून पडली होती आणि एप्रिल 1848 मध्ये उरलेले 105 जण ती सोडून पायी निघाले होते.

त्याच बेटावर आणि आसपास नेत्सिलिक इनुइटांची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. हिवाळ्यात समुद्राच्या बर्फावर बर्फाच्याच लाद्यांचं घर, आत सीलच्या चरबीवर जळणारा दगडी दिवा. सील श्वास घ्यायला ज्या छिद्राशी वर येतो, तिथे शिकारी न हलता तासन्‌तास उभा राही. कॅरिबू हरणाच्या कातड्याचे कपडे दोन थरांचे असत, आतल्याची लव अंगाकडे, बाहेरच्याची बाहेर. घाम त्यात गोठून बसत नाही. ते बायका शिवत, आणि एखादी शिवण उसवली तरी शिकाऱ्याच्या जिवावर बेते. लाकूड नसेल तेव्हा मासे कातड्यात गुंडाळून, गोठवून त्यांच्या घसरपट्ट्या घसरगाडीला लावत. कच्च्या मांसातून ‘क’ जीवनसत्त्व मिळे, त्यामुळे खलाशांना छळणारा स्कर्व्ही हा रोग त्यांच्यात नसे. अर्थात शंभर माणसांना एकत्र पोसण्याइतकी शिकार त्या बेटावर नव्हतीच. नेत्सिलिक स्वतः लहान गटांत विखरून राहत. फ्रँकलिनच्या सगळ्या माणसांना ही विद्या वाचवू शकली असती, असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण काहींना कदाचित वाचवता आलं असतं.

नॉर्वेच्या रोआल्ड अमुंडसेनने ती विद्या शिकून घेतली. 1903 मध्ये सहा सोबती आणि ‘ग्योआ’ हे छोटं जहाज घेऊन तो याच बेटाच्या किनाऱ्यावर थांबला, दोन हिवाळे राहिला. कपडे, कुत्र्यांची गाडी, बर्फाचं घर, सारं तो शेजाऱ्यांकडून शिकला. 1906 मध्ये त्याने तो जलमार्ग पार केला. 14 डिसेंबर 1911 रोजी तो दक्षिण ध्रुवावर पोचला, तेही कुत्र्यांच्या गाडीने आणि त्याच धर्तीचे लवदार कपडे घालून.

इनुइटांच्या आठवणी मात्र घरोघरी टिकून होत्या. त्याच बेटावरच्या ग्योआ हेवन या गावचे लुई कामुकाक यांनी आयुष्यभर वडीलधाऱ्यांकडे बसून त्या टिपल्या. एक जहाज बेटाच्या दक्षिणेला बुडालं, असं वडीलधारे सांगत आले होते. 2014 मध्ये ‘एरेबस’ त्याच भागात सापडलं. 2016 मध्ये त्याच गावच्या सॅमी कोगविक यांनी काही वर्षांपूर्वी बर्फातून वर आलेली डोलकाठी पाहिल्याचं सांगितलं, आणि ‘टेरर’ही सापडलं. मोहिमेतल्या माणसांच्या हाडांवरच्या सुरीच्या खुणा 1997 मध्येच प्रसिद्ध झाल्या होत्या. 2024 मध्ये अशा खुणा असलेलं जबड्याचं हाड ‘एरेबस’चे कप्तान जेम्स फिट्झजेम्स यांचं असल्याचं डीएनए चाचणीतून कळलं. रे यांना सांगितलेली हकिकत खरी होती.

2018 मध्ये ब्रिटनने दोन्ही जहाजं कॅनडाला दिली. त्यांतून वर काढलेल्या बहुतेक वस्तूंची मालकी आज कॅनडा आणि इनुइट यांची संयुक्त आहे, आणि उन्हाळ्यात त्या जागांवर पहारा ग्योआ हेवनचे इनुइट ठेवतात.