शिशाच्या जागी रेडिओ

दिवाळीच्या सुमारास मुळशीतलं भात पिवळं पडतं. पुढे कापणी-झोडणी उरकली की खाचरं मोकळी होतात, नुसती धसकटं उरतात, आणि सकाळच्या पडलेल्या वाऱ्यात ती फ्री फ्लाइट ग्लायडर, म्हणजे एकदा सोडलं की कुणाच्या ताब्यात नसलेलं मॉडेल, सोडण्यासाठीच केल्यासारखी वाटतात. हिशेब मात्र वेगळं सांगतो. एफ-वन-ए या आंतरराष्ट्रीय स्पर्धाप्रकारात ग्लायडर 50 मीटर दोरीने वर ओढून सोडतात आणि सहसा 180 सेकंदांपर्यंतचं उड्डाण मोजतात. वारा सेकंदाला 5 मीटर धरला, तरी तेवढ्या वेळात मॉडेल 900 मीटर वाहून जातं. मुळशीच्या खोऱ्यात 900 मीटरच्या आत बांध, झाडी, डोंगराचा उतार, आणि टाटांनी गेल्या शतकात मुळेवर बांधलेल्या धरणाचं पाणी, यांपैकी काहीतरी आडवं येतंच. टिश्यू कागदाचा पंख एकदा भिजला की तो करण्याची मेहनत गेली. म्हणून माझं म्हणणं असं, की अशा मुलखात जुन्या ग्लायडरला रेडिओ बसवणं हाच ते टिकवण्याचा मार्ग आहे. अट एवढीच, की बदल कमीत कमी असावा.

तो कमी ठेवता येतो, कारण मॉडेलने जागा आधीच करून ठेवलेली असते. तोल साधण्यासाठी नाकात शिसं भरलेलं असतं. ते काढून तिथे बॅटरी आणि तिच्यामागे रिसीव्हर बसवला की वजनाची बरीचशी भर शिशातूनच वळती होते. एफ-वन-एचं किमान वजन 410 ग्रॅम. त्यावर 40 ग्रॅम चढले तरी वेग वाढतो तो सुमारे 5 टक्के, कारण तो वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. पंखाला हात लावायचीही गरज नाही. टोकं वर उचललेली असल्यामुळे सुकाणू डावीकडे वळवलं की उजवा पंख पुढे येऊन जास्त उचल घेतो आणि मॉडेल आपसूक डावीकडे कलतं. चिरायची ती फक्त शेपूट. कापण्याच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आधी बाल्साची पातळ पट्टी चिकटवावी, कागदावरचा डोप (ताण देणारा लेप) पूर्ण वाळू द्यावा, मग नव्या ब्लेडने मागची अरुंद पट्टी सोडवून चिकटपट्टीची बिजागरी करावी. गुरुत्वमध्य मॉडेलच्या आराखड्यावर जिथे खुणावला आहे तिथेच राहू द्यावा. रेडिओ ग्लायडरच्या सवयीने तो पुढे आणला, तर नाक जड होतं, ते सावरायला शेपूट जास्त दाबावी लागते, आणि मग वेग वाढला की मॉडेल नाक वर करून उसळ्या मारतं. फ्री फ्लाइटमध्ये शेपूटही थोडी उचल देते. तो बेत मोडू नये.

जाणत्यांचा आक्षेप असा, की हात लागला की ते फ्री फ्लाइट उरत नाही. सगळी करामत सोडण्याआधीच्या जुळवणीत असते. आक्षेप खरा आहे आणि मला तो मोलाचा वाटतो. पण जुळवणी चुकलेलं ग्लायडर रेडिओने सुधारत नाही, नुसतं दमवतं. शिवाय 1937 सालीच वॉल्टर आणि विल्यम गुड या अमेरिकन जुळ्या भावांनी आपल्या मॉडेलमध्ये रेडिओ बसवला होता. हे नातं आजचं नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा: फोमचं तयार विमान घ्यावं, कटकट नको. पण मंद वाऱ्यात, उन्हाने तापलेल्या खाचरावरून उठणारा हवेचा नाजूक झोत हलक्या बाल्साच्या पंखाला जसा जाणवतो, तसा जड फोमला जाणवत नाही. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर माणूस विमानात बसून जे घिरट्यांचं कसब शिकला, तेच इथे जमिनीवर उभं राहून शिकता येतं. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा पाहावी, आणि मॉडेल नजरेच्या टप्प्यात ठेवावं.

आणखी एक जुळवणी विसरू नये. सिग्नल तुटला तर सर्व्होंनी (सुकाणू-शेपूट हलवणाऱ्या छोट्या मोटरांनी) कुठे थांबायचं हे रिसीव्हरला आधीच शिकवता येतं. शेपूट मूळ जागी, सुकाणू किंचित डावीकडे, असं ते शिकवून ठेवावं. मग डोंगराआड रेडिओ हरवला, तरी ग्लायडर जुन्या सवयीने घिरट्या घालत उतरतं.