डॉलरातला खंड

२००५ सालचा उन्हाळा. पालीच्या बाजारपेठेत, मुंबई-गोवा महामार्गावरून कोल्हापूरचा रस्ता फुटतो तिथे, संध्याकाळी सातच्या सुमारास अंधार व्हायचा. मावळतीचा नव्हे, लोडशेडिंगचा. एखाद्या हॉटेलात जनरेटर धडधडायचा, बाकी दुकानांत मेणबत्त्या. एका किराणावाल्याने मला हसत सांगितलं होतं, "मेणबत्त्यांवर बरं चाललंय आमचं. एन्रॉनची कृपा!" चेष्टा होती, पण हिशेबाला धरून होती. ज्या जिल्ह्यात आम्ही मेणबत्त्या लावून बसलो होतो, त्याच जिल्ह्यात गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलला एन्रॉनचा ७४० मेगावॉटचा बांधून तयार वीजप्रकल्प चार वर्षं कुलूप लावून उभा होता. दुसऱ्या टप्प्याची १,४४४ मेगावॉटची यंत्रसामग्री शेजारी अर्धवट अवस्थेत गंज खात होती.

आता बड्या कंपन्यांची नीतिमत्ता, कारभार, उत्तरदायित्व यांवर बोलायचं म्हटलं की लोक अमेरिकेतल्या ह्यूस्टनपासून, एन्रॉनच्या मुख्यालयापासून, सुरुवात करतात. आम्हा रत्नागिरीकरांना इतक्या लांब जावं लागत नाही. ज्या कंपनीच्या नावावरून जगभरच्या वाणिज्य महाविद्यालयांत धडे शिकवले जातात, ती आमच्याकडे दहा वर्षं नांदून गेली.

नावापासूनच थोडी गंमत आहे. कंपनीचं नाव दाभोळ पॉवर कंपनी. पण दाभोळ गाव वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे, दापोली तालुक्यात. प्रकल्प अलीकडे, गोपाळगडाच्या शेजारी, अंजनवेल-वेलदूरच्या सड्यावर. ज्यांची जमीन गेली त्यांच्या गावाचं नाव कागदावर आलंच नाही.

जून १९९२ मध्ये एन्रॉनची माणसं मुंबईत उतरली आणि काही दिवसांतच राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार झाला. निविदा नव्हती. दुसऱ्या कुणाला किंमत विचारली नव्हती. एप्रिल १९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला. आयात केलेल्या द्रवरूप वायूवरची ही वीज महाग पडेल, आणि एवढी वीज रात्रंदिवस घेत राहायची राज्याला गरज नाही, असं तिचं म्हणणं. खासगीकरणाची सर्वात मोठी कैवारी असलेली बँक नको म्हणते, तर जरा थांबावं, असं कुणाला वाटलं नाही. ८ डिसेंबर १९९३ ला वीज खरेदी करारावर सह्या झाल्या. करार गोपनीय होता. ज्या मंडळाच्या बिलातून त्याचे पैसे फिटायचे, त्या मंडळाच्या ग्राहकाला तो वाचायची सोय नव्हती.

त्या कराराचं मर्म कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. शेत अर्धेलीने करायला दिलं तर पीक बुडालं की दोघांचंही बुडतं. खंडाने दिलं तर पाऊस पडो न पडो, ठरलेलं भात मालकाच्या अंगणात टाकायचंच. एन्रॉनचा करार खंडाचा होता. प्रकल्प ठराविक प्रमाणात चालू स्थितीत आहे एवढं कंपनीने दाखवलं, की मंडळाने वीज उचलली वा न उचलली, स्थिर आकार द्यायचाच. आणि हा खंड मोजायचा डॉलरात. रुपया घसरला तर तो मंडळाचा तोटा, इंधन महागलं तर तोही मंडळाचा. मंडळाने थकवलं तर राज्य सरकारची हमी, राज्याने थकवलं तर वर केंद्राची प्रतिहमी. धंदा करणाऱ्याच्या वाट्याला जोखीम म्हणावी असं जवळजवळ काही उरलंच नव्हतं. पुण्याच्या 'प्रयास' गटाच्या गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गणित कागदावर मांडून त्याच काळात दाखवलं होतं. कुणी ऐकलं नाही असं नाही. ऐकलं, आणि निवडणुकीत वापरलं.

मार्च १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याच्या घोषणा प्रचारात झाल्या होत्या. गोपीनाथ मुंडे यांच्या समितीने अहवाल दिला, ३ ऑगस्टला प्रकल्प रद्द झाला, राज्य सरकार न्यायालयात गेलं आणि करार भ्रष्ट मार्गाने झाल्याचा आरोपही तिथे केला. मग नोव्हेंबरमध्ये एन्रॉनच्या रिबेका मार्क शिवसेनाप्रमुखांच्या घरी, मातोश्रीवर, जाऊन आल्या. नवी वाटाघाटी समिती बसली आणि पंधरवड्याच्या आत तडजोड हातात आली. बुडवलेला प्रकल्प वर आला तो फुगून: २,०१५ ऐवजी २,१८४ मेगावॉट. आधीच्या करारात दुसरा टप्पा घ्यायचा की नाही हे मंडळाच्या मर्जीवर होतं. आता तोही गळ्यात पडला. शिवाय वीज विकणाऱ्या कंपनीत खुद्द मंडळाला भागीदारी मिळाली, म्हणजे गिऱ्हाईकच दुकानदाराचा भागीदार. अशा वेळी तराजू तपासायचा कुणी? केंद्राची प्रतिहमी पक्की केली ती मे १९९६ मधल्या तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने, अगदी जाता जाता. काँग्रेस, युती, केंद्र, राज्य असा एकही हात कोरडा राहिला नाही, आणि पुढे कुणी कुणाकडे बोट दाखवू शकलं नाही याचं कारण तेच.

न्यायालयात 'सिटू' ही कामगार संघटना आणि अभय मेहता गेले होते. डिसेंबर १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली, पण राजकीय सोयीपुढे लोकहित कसं मागे पडलं यावर निकालपत्रात कडक ताशेरे मारले. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये प्रकरण एका मुद्द्यापुरतं दाखल करून घेतलं. तो मुद्दा राज्याच्या उत्तरदायित्वाचा होता. त्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

इकडे सड्यावर काय चाललं होतं? ३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस वेलदूरच्या कोळीवाड्यात शिरले. पुरुष बहुतेक होड्यांवर, समुद्रात. धरून नेल्या त्या मुख्यतः बायका. ह्यूमन राइट्स वॉच या अमेरिकी संस्थेने जानेवारी १९९९ मध्ये या सगळ्यावर भलाथोरला अहवाल काढला. त्यातली एक बाब मला आजही खटकते. प्रकल्पाच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या राज्य पोलिसांचा खर्च कंपनी देत होती. पोलीस सरकारचे, त्यांचा पैसा कंपनीचा, आणि लाठी कंपनीविरुद्ध बसलेल्यांवर. व्यवसायातल्या नैतिकतेवर भाषणं देणाऱ्यांनी या एका वाक्यावर तासभर बोलावं. ते बोलत नाहीत, कारण एन्रॉनच्या पुस्तकी धड्यात वेलदूर येत नाही. तिथे फक्त शेअरची किंमत येते.

मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, वायू यायचा होता म्हणून तूर्त नाफ्त्यावर. तेलाचे भाव वाढले, मंडळ वीज कमी उचलू लागलं, आणि ठरलेला स्थिर आकार थोड्या युनिटांवर वाटला गेल्याने काही महिन्यांत दर युनिटमागे सात रुपयांच्या वर गेला. डिसेंबर २००० चं १०२ कोटींचं बिल थकलं, हमी वटवायची नोटीस आली. मंडळाने उलट दावा केला की प्रकल्प मागितल्यावर ठरल्या वेळेत पूर्ण क्षमतेला पोचत नाही, आणि ४०१ कोटींचा दंड लावला. माधव गोडबोले यांच्या समितीने एप्रिल २००१ मध्ये अहवाल दिला. दोष एका माणसाचा किंवा एका पक्षाचा नसून केंद्रापासून मंडळापर्यंत साऱ्या कारभाराचं ते अपयश आहे, असा त्याचा रोख होता. अहवाल चांगला आहे, आजही वाचावा. पण 'सगळ्यांचं अपयश' या शब्दांत एक सोय असते, कुणालाच घरी जावं लागत नाही. २९ मे २००१ ला प्रकल्प बंद पडला. तेव्हा केंद्रीय ऊर्जामंत्री होते सुरेश प्रभू, आमच्याच कोकणातल्या राजापूर मतदारसंघाचे खासदार.

त्याच वर्षी २ डिसेंबरला ह्यूस्टनच्या एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. ऑगस्ट २००० मध्ये नव्वद डॉलरच्या आसपास असलेला शेअर डॉलरच्या खाली आला होता. या कंपनीची आचारसंहिता ६४ पानांची होती, आदर आणि सचोटी हे शब्द तिच्या घोषवाक्यात होते. १९९९ मध्ये संचालक मंडळाने ही आचारसंहिता आपल्याच वित्तप्रमुखापुरती बाजूला ठेवली. हा वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टो, त्याने काढलेल्या भागीदारी संस्थांनी एन्रॉनशी व्यवहार करावेत म्हणून. घेणारा तोच, देणाराही तोच, तोटा मात्र ताळेबंदाबाहेर. लेखापरीक्षण समितीचे अध्यक्ष हिशेबशास्त्राचे नामवंत प्राध्यापक होते. हिशेब तपासणारी आर्थर अँडरसन ही जगातल्या पाच मोठ्या संस्थांपैकी एक, तीही या प्रकरणात बुडाली. म्हणजे स्वतंत्र संचालक, समित्या, नामांकित ऑडिटर असं जे जे आज आपण उपाय म्हणून सांगतो, ते सगळं एन्रॉनकडे होतं.

तरी अमेरिकेने निदान हिशेब मागितला. जुलै २००२ मध्ये सार्बेन्स-ऑक्स्ली कायदा झाला, ताळेबंदाखाली सही करणारा मुख्याधिकारी व्यक्तिशः बांधला गेला. एन्रॉनचा अध्यक्ष केनेथ ले मे २००६ मध्ये दोषी ठरला आणि शिक्षा होण्याआधी जुलैत वारला. माजी मुख्याधिकारी जेफ्री स्किलिंगला चोवीस वर्षांची सजा झाली, पुढे ती कमी होऊन चौदावर आली. फास्टोला सहा वर्षांची झाली. आपल्याकडेही हालचाल झाली. शेअर बाजारात सूचीबद्ध कंपन्यांसाठी सूचीकरण करारातलं कलम ४९ कुमार मंगलम बिर्ला समितीच्या शिफारशीवरून २००० मध्येच आलं होतं. एन्रॉननंतर नरेश चंद्र समिती, मग नारायण मूर्ती समिती. मग ७ जानेवारी २००९ ला सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या रामलिंग राजूंनी पत्र लिहून खोट्या ताळेबंदाची कबुली दिली, तेव्हा कळलं की कलमं पाळूनही बँकेतली रोकड कागदावर जन्माला घालता येते. त्यातून २०१३ चा कंपनी कायदा आला. स्वतंत्र संचालक, ऑडिटर बदलण्याची सक्ती, नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही वित्तसंस्था कोसळली तेव्हा हे सगळं जागेवर होतं.

माझं दुखणं वेगळं आहे. हे सारे कायदे भागधारकाला ओळखतात, कर्ज देणाऱ्या बँकेला ओळखतात. दाभोळ पॉवर कंपनी शेअर बाजारात नव्हतीच. अंजनवेलचा जमीनवाला, वेलदूरची कोळीण आणि पालीतला मेणबत्तीवाला हे तिचे भागधारक नव्हते. त्यांनी फक्त जमीन दिली, लाठ्या खाल्ल्या आणि बिलं भरली. समाजकार्याच्या दोन टक्क्यांतून त्यांना शाळेचं छप्पर मिळेल, करार वाचायचा हक्क मिळणार नाही. आणि जो करार वाचायला मिळत नाही त्याचं उत्तर मागता येत नाही.

रत्नागिरीने त्याच काळात दुसरी एक कंपनी वेळेवर परत पाठवली, तेही इथे नोंदवायला हवं. स्टरलाइटचा तांबं शुद्ध करण्याचा कारखाना आधी आमच्या शहराला लागून यायचा होता. आंबा-मासळीवर जगणाऱ्या लोकांनी रस्त्यावर उतरून १९९३ मध्ये त्याचं काम थांबवायला लावलं. कारखाना तमिळनाडूत तुतुकुडीला गेला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणापोटी त्याला शंभर कोटी भरायला लावले, मे २०१८ मध्ये तिथल्या आंदोलकांवर पोलिसांच्या गोळीबारात तेरा माणसं मेली, मग तो बंद झाला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही बंदी कायम ठेवली. १९९३ मध्ये आम्हाला विकासविरोधी म्हणणारे बरेच होते. त्यांच्यापैकी कुणी नंतर तुतुकुडीबद्दल बोलल्याचं मी ऐकलं नाही.

अंजनवेलचं पुढे असं झालं, की २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांनी रत्नागिरी गॅस अँड पॉवर नावाने ते अंगावर घेतलं. परदेशी भागीदारांशी तडजोडी झाल्या, बँकांची बुडीत कर्जं सरकारी कंपनीच्या गळ्यात आली, म्हणजे फिरून आपल्याच. प्रकल्प पुन्हा चालला, कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू आटल्यावर २०१३ मध्ये पुन्हा थांबला, मग रेल्वेला वीज देण्यापुरता सुरू झाला. वायूची जहाजं लागावीत म्हणून बांधलेल्या टर्मिनलला लाटा अडवणारा बांध वर्षानुवर्षं पुरा नव्हता, त्यामुळे पावसाळ्यात तिथे जहाज लागत नसे. कोकणात पावसाळा असतो हे बहुधा करारात लिहायचं राहिलं असावं.

राहिला तो उत्तरदायित्वाचा मुद्दा. चौकशीसाठी राज्याने सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती एस. पी. कुर्डुकर यांचा आयोग नेमला होता, तो अहवालापर्यंत पोचलाच नाही. २१ फेब्रुवारी २०१९ ला जेफ्री स्किलिंग बारा वर्षांहून अधिक काळ भोगून अमेरिकेत सुटला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, एप्रिल २०१९ मध्ये, महाराष्ट्राचं उत्तरदायित्व ठरवण्यासाठी १९९७ मध्ये दाखल करून घेतलेलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने, आता फार काळ लोटला म्हणून, बंद केलं.